हातमोजे सर्वांत शेवटी

कारखान्यात कोणाच्या हाताला इपॉक्सीचा हार्डनर लागून फोड आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: हातमोजे घातले होते का? उत्तर बहुधा 'नाही' असं येतं, किंवा 'घातले होते साहेब, मधे काढले'. तिथे चौकशी आटोपते. सुपरवायझर रजिस्टरात 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं लिहून सही करतो आणि पुढच्या सेफ्टी टॉकमध्ये हातमोज्यांचं महत्त्व पुन्हा एकदा सांगितलं जातं. हा प्रश्न विचारूच नये असं माझं म्हणणं नाही. पण तो फार उशिरा विचारला जातो. त्याच्या आधी विचारायचे चार-पाच प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं कामगाराकडे नाहीत. ती खरेदी विभागाकडे, कामाची आखणी करणाऱ्याकडे, ठेकेदाराकडे आणि कायदा करणाऱ्यांकडे आहेत.

इपॉक्सी ही आता दुर्मिळ वस्तू राहिलेली नाही. औषध कारखान्यातली सांधा नसलेली चकचकीत फरशी, पवनचक्कीचं पातं, ट्रान्सफॉर्मरमधलं इन्सुलेशन, फाउंड्रीचे पॅटर्न, पुलाच्या खांबातली भेग बुजवण्याचा मसाला, बाथरूमच्या टाइल्समधला ग्राउट, हौसेने घरी बनवलेले रेझिनचे ट्रे आणि कानातले, अशा सगळ्या ठिकाणी तीच आहे. प्लंबर दोन रंगांचे गोळे तळहातावर मळून गळकी पाइप बुजवतो, ती लगदीही बहुधा इपॉक्सीचीच असते. या प्रत्येक ठिकाणी दोन घटक असतात: रेझिन आणि हार्डनर. एकेकटे ते वर्षभर डब्यात तसेच राहतात. एकत्र आले की काही मिनिटांत किंवा तासांत घट्ट होतात, आणि मग त्यांना पुन्हा पातळ करता येत नाही.

यातली रासायनिक क्रिया थोडी समजून घ्यायला हवी, कारण धोका तिच्यातच आहे. नेहमीचं इपॉक्सी रेझिन बिसफेनॉल-ए आणि एपिक्लोरोहायड्रिन यांच्यापासून बनतं. त्याच्या रेणूच्या दोन्ही टोकांना ताणलेली, उघडायला टपलेली छोटी कडी असते. हार्डनर बहुतेक वेळा अमाईन असतो. अमाईनमधला नायट्रोजनला जोडलेला प्रत्येक हायड्रोजन अशी एक कडी उघडतो आणि रेणू रेणूला जोडला जातो. जोडत जोडत त्रिमितीय जाळं तयार होतं, तीच ती कडक, न वितळणारी, तेलापाण्याला दाद न देणारी इपॉक्सी. पण अमाईन गट फक्त डब्यात नसतात. आपल्या त्वचेच्या प्रथिनांतही ते असतात. रेझिनच्या कडीला डब्यातलं अमाईन आणि मनगटावरचं प्रथिन यांत फरक करता येत नाही. हार्डनरचं दुखणं वेगळं. बहुतेक अमाईन हार्डनर तीव्र अल्कधर्मी असतात. आम्लाने भाजलं तर वरच्या थरातलं प्रथिन गोठतं आणि आम्लाला पुढे जायला थोडा अडसर होतो. अल्कलीने ऊती विरघळत जातात आणि इजा आत आत शिरते. डोळ्यात अमाईनचा थेंब उडाला तर लगेच, निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने डोळा धुवायचा असतो, तो यासाठी. डॉक्टरकडे पळायचं ते त्यानंतर.

म्हणजे या मालाचा गुण आणि त्याचा धोका एकाच ठिकाणी आहे. त्याची क्रियाशीलता काढून टाका, धोका जाईल; पण मग मालही चिकटणार नाही. म्हणूनच 'पूर्ण सुरक्षित हार्डनर' अशी जाहिरात दिसली की सावध व्हावं. मात्र 'सगळेच धोकादायक, मग काय फरक पडतो' हेही तितकंच चूक आहे. फरक पडतो, आणि खूप पडतो.

आपल्याकडे कॉलेजच्या प्रयोगशाळेपासून छोट्या वर्कशॉपपर्यंत एलवाय ५५६ रेझिन आणि एचवाय ९५१ हार्डनर ही जोडी वर्षानुवर्षं चालत आली आहे. हा हार्डनर म्हणजे ट्रायएथिलीन टेट्रामाईन: पातळ, पिवळसर, अमोनियाच्या वळणाचा वास असलेला. रेणू लहान, म्हणून त्वचेत शिरायला आणि वाफ होऊन नाकात जायला सोपा. पॉलिअमाइड वर्गातले हार्डनर दाट असतात, त्यांचे रेणू मोठे असतात आणि त्यांचा दाह तुलनेने कमी. सुगंधी, म्हणजे ॲरोमॅटिक अमाईनांपैकी मेथिलीन डायअनिलीन, ज्याला एमडीए म्हणतात, ते त्वचेतून सरळ रक्तात आणि तिथून यकृतापर्यंत पोचतं. विजेच्या उपकरणांच्या ओतकामात ॲनहायड्राइड वर्गातले हार्डनर वापरतात. त्यांची वाफ किंवा भुकटी श्वासात जात राहिली तर काहींना दमा लागतो. त्यातल्या हेक्साहायड्रोथॅलिक ॲनहायड्राइडसारख्या पदार्थांना युरोपीय संघाने २०१२ साली श्वसनमार्गाच्या ॲलर्जीच्या कारणावरून अतिचिंतेच्या पदार्थांच्या यादीत घातलं. कातडी, यकृत, फुप्फुस अशी ही तीन वेगळी ठिकाणं आहेत. कारखान्याच्या भिंतीवर मात्र चारही प्रकारांसाठी एकच पाटी असते: हातमोजे वापरा. दमा लावणाऱ्या वाफेपुढे हातमोजा काय करणार?

तरीही भाजणं किंवा दमा यापेक्षा इपॉक्सीच्या कामात जास्त माणसं ज्याने कामातून उठतात ती गोष्ट आहे त्वचेची ॲलर्जी. ती फसवी असते. पहिल्या दिवशी काही होत नाही. महिनाभर होत नाही, कधी वर्षंही जातात. शरीर मात्र आतल्या आत त्या पदार्थाची ओळख पाठ करत असतं. एक दिवस बोटांच्या बेचक्यात खाज सुटते, मग बारीक पुळ्या, मग पापण्या सुजतात, कारण हात सारखा तोंडाकडे जातो आणि हवेतली वाफही तिथे लागते. एकदा हे झालं की बहुतेकांच्या बाबतीत ते जन्मभराचं असतं. त्यानंतर डबा उघडून शेजारी ठेवला तरी चेहरा लाल होतो. औषधाने चट्टा बसतो, शरीराची आठवण जात नाही. उपाय एकच उरतो: ते काम सोडणं.

आणि म्हणूनच वर्कशॉपमध्ये हमखास ऐकू येणारं एक वाक्य तपासून घ्यायला हवं. 'आम्ही वीस वर्षं हेच करतोय, आम्हाला काही झालं नाही.' बोलणारा खोटं बोलत नसतो. त्याला खरंच काही झालेलं नसतं, आणि म्हणूनच तो वीस वर्षांनी तिथे उभा असतो. ज्यांना झालं ते तिसऱ्या महिन्यात, दुसऱ्या वर्षी निघून गेले. कोणी गावी परतला, कोणी रिक्षा घेतली, कोणी वॉचमन झाला. जे टिकले त्यांच्याकडे बघून माल निरुपद्रवी ठरवणं हा साधा तर्कदोष आहे. पण तो करण्यात सगळ्यांची सोय असते. जुना कारागीर स्वतःच्या चिवटपणावर खूश, मालक बिनखर्चाचा, आणि नवीन पोरगा 'उस्ताद उघड्या हाताने करतात' हे पाहून मोजे खिशात ठेवतो.

ही इजा दिसत का नाही, याचा उलगडा मला इंग्लंडमधल्या एका प्रकरणात सापडतो. तिथे ती दिसली, आणि का दिसली हे पाहण्यासारखं आहे. १९६५ च्या सुरुवातीला एसेक्स परगण्यातल्या एपिंग या गावात एकाएकी कावीळ पसरली. ८४ माणसं आजारी पडली. पोटात कळा, ताप, अंगाला खाज आणि मग पिवळे डोळे. नेहमीची साथीची कावीळ म्हणावी तर तिची चाल तशी नव्हती. डॉक्टरांनी चौकशी केली तेव्हा आजारी माणसांमध्ये एक समान गोष्ट निघाली: ती सगळी न चाळलेल्या गव्हाच्या पिठाचा ब्राउन ब्रेड खाणारी होती, आणि ब्रेड एकाच बेकरीतून आलेला होता. पिठाचा माग काढत गेल्यावर कळलं की पिठाची पोती ज्या व्हॅनमधून आली तिच्यातच एका डब्यातून रसायन सांडलेलं होतं, आणि ते पोत्यात झिरपलं होतं. ते रसायन होतं एमडीए. इपॉक्सीचा हार्डनर.

या प्रकरणातून निघणारा उघड धडा वाहतुकीचा आहे: रसायन आणि धान्य एका गाडीत नेऊ नये. तो महत्त्वाचा आहेच. माल स्वस्तात पोचवायचा म्हणून टेम्पोत ड्रमांच्या शेजारी किराणा टाकणाऱ्या कोणीही तो पाठ करावा. पण दुसरा धडा मला जास्त मोलाचा वाटतो. एपिंगमध्ये हार्डनरचा विषारीपणा जगाला कळला, कारण आजारी माणसं एका गावातली होती, एकाच वेळी आजारी पडली, एकाच इस्पितळाच्या परिघातल्या डॉक्टरांकडे गेली, आणि त्या डॉक्टरांनी त्यांची नावं एका कागदावर एकाखाली एक लिहिली. हेच एमडीए कारखान्यात कामगारांच्या हातांतून शरीरात जात होतं. १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अहवालात अशा बारा कामगारांची नोंद आहे. वीज-इन्सुलेशनच्या कारखान्यात एमडीए हाताळताना त्यांना यकृताचा दाह झाला होता. ही प्रकरणं घडली १९६६ ते १९७२ या काळात. एपिंगमध्ये ज्याचा उलगडा काही आठवड्यांत झाला, त्याची कारखान्यातली साखळी जुळायला वर्षं लागली. रसायन तेच होतं. वेगळी होती ती मोजदाद.

माझा मुद्दा हाच आहे. हार्डनरची इजा एकेकट्याला होते, वेगवेगळ्या वेळी होते, आणि जो तो आपापल्या गावच्या डॉक्टरकडे जातो. पुण्या-नाशिकच्या एमआयडीसीतला कंत्राटी हेल्पर चट्टे घेऊन बीडला किंवा बिहारला घरी जातो. तिथला डॉक्टर खाजेचं मलम देतो. काम काय करतोस, हे विचारायचं राहून जातं. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने व्यवसायजन्य रोगांवरचा आपला ग्रंथ १७०० साली काढला आणि रोग्याला विचारायच्या प्रश्नांत 'धंदा काय?' हा प्रश्न घालायला सांगितलं. तीन शतकं उलटली, पण गर्दीच्या ओपीडीत त्या प्रश्नाला अजून वेळ मिळत नाही. विचारला आणि ॲलर्जी शोधायची पॅच टेस्ट केली तरी अडचण संपत नाही. त्वचेच्या ॲलर्जीच्या नेहमीच्या मूळ संचात इपॉक्सी रेझिन असतं, पण हार्डनरचे नाना प्रकार नसतात. हार्डनरची ॲलर्जी पकडायची तर कारखान्यातला नेमका माल कोणता हे डॉक्टरला कळायला हवं. कामगाराला तो 'बी पार्ट' एवढाच माहीत असतो.

काम प्रत्यक्षात कसं चालतं हे सांगितल्याशिवाय हातमोज्यांचा वाद पुरा होत नाही. औषधाच्या एका कारखान्यात रविवारच्या शटडाउनमध्ये इपॉक्सी फरशीचं काम मी जवळून पाहिलं. ठेकेदाराची सहा-सात पोरं होती. हार्डनर पंचवीस लिटरच्या कॅनमध्ये. कॅनला नळ नव्हता, म्हणून तो मांडीवर कलता करून बादलीत ओतायचा. हवा आत शिरताना माल ढबढब उडायचा आणि ओघळ कॅनवरून मनगटावर, मनगटावरून कोपराकडे जायचा. वजनकाटा आणलेला होता, पण त्याची बॅटरी संपलेली, म्हणून मापाला कापलेली पाण्याची बाटली. ड्रिलला पाती लावून घुसळताना बादलीच्या काठावरून शिंतोडे उडत होते. खिळ्यांचे बूट घालून एक जण ओल्या फरशीवर काटेरी रोलर फिरवत होता. बुडबुडे फोडायला त्याला वाकूनच राहावं लागत होतं, आणि वाफ वर येऊन थेट त्याच्या तोंडावर. हातमोजे होते: पांढरे, सुती, विणलेले. पहिल्या तासात ते भिजले. हार्डनरमध्ये भिजलेला सुती मोजा म्हणजे हाताला बांधलेलं पोटीसच. औषधाऐवजी त्यात अमाईन असतं एवढंच. पोरांनी ते काढून टाकले ते शहाणपणानेच. दुपारी जेवणाआधी सगळ्यांनी थिनरमध्ये कापसाचं वेस्ट बुडवून हात पुसले आणि त्याच हातांनी तंबाखू मळली.

इथे 'निष्काळजीपणा' नेमका कुठे आहे? नळ नसलेला कॅन कामगाराने निवडलेला नव्हता. सुती मोजे त्याने विकत आणले नव्हते. नायट्रिल किंवा ब्यूटिल रबराचा, पुरेशा जाडीचा मोजा लागतो, पातळ लॅटेक्समधून माल झिरपतो, मोजा ठरावीक वेळाने बदलायचा असतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. थिनर कातडीवरचं तेल धुऊन काढतं आणि सोबत अमाईनला आत जायला वाट करून देतं, म्हणून हात साबण-पाण्यानेच धुवायचे, हेही नाही. आणि साबण-पाणी त्या मजल्यावर नव्हतंच.

मापाची गोष्ट तर आणखी खोल जाते. फायबरग्लासच्या धंद्यातून आलेल्या कारागिराला पॉलिएस्टर रेझिनची सवय असते. त्यात शंभराला एक-दोन भाग कॅटलिस्ट टाकतात आणि ऊन-पाऊस बघून ते थोडं कमी-जास्त केलं तरी चालतं. तीच सवय तो इपॉक्सीत आणतो: हार्डनर जरा जास्त टाक, लवकर लागेल. पण इपॉक्सीत हार्डनर हा क्रियेला ढोसणारा पाहुणा नसून बनणाऱ्या जाळ्याचाच हिस्सा असतो. ट्रायएथिलीन टेट्रामाईनसारख्या हार्डनरचं प्रमाण शंभर भाग रेझिनला वजनाने दहा ते तेरा भागांच्या आसपास बसतं. जास्तीचं टाकलं तर त्याला जोडायला कडीच उरत नाही. ते घट्ट झालेल्या मालातही सुटं राहतं आणि दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपर मारणाऱ्याच्या धुळीत मिसळून बाहेर येतं. पावसाळ्यात मुंबई-कोकणाच्या दमट हवेत अमाईन हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओल यांच्याशी जुळून पृष्ठभागावर तेलकट साय धरतं. ती खरवडणारा हात पुन्हा हेल्परचाच.

उष्णतेचंही तसंच. ही क्रिया स्वतः उष्णता देते, आणि तापमान दहा अंश वाढलं की साधारण दुप्पट वेगाने पळते. पातळ थरात ती उष्णता निसटून जाते. बादलीत राहिलेल्या चार-पाच किलो मालात ती कोंडते, तापलेला माल आणखी वेगाने तापतो, आणि तापमान दीडशे अंशांच्या वर जाऊन बादली वितळते, धूर सुटतो. त्या धुरात न जुळलेलं अमाईनही असतं. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला चाळीसच्या वरच्या पाऱ्यात दुपारी मोठी बॅच घुसळायला सांगणं म्हणजे हा धोका वेळापत्रकातच लिहून ठेवणं. लहान बॅच करा, उरलेला माल उथळ ट्रेमध्ये पसरा, सकाळी लवकर काम उरका, हे सगळं सोपं आहे. पण रोजच्या चौरस फुटांचं टार्गेट ठरवणाऱ्याने ते मान्य केलं तरच.

सुरक्षेच्या शास्त्रात उपायांची एक उतरंड सर्वमान्य आहे. आधी धोकादायक पदार्थ टाळता येतो का बघा. नसेल तर कमी धोक्याचा आणा. तेही नसेल तर यंत्राने, झाकणाने, हवेच्या ओढीने तो माणसापासून दूर ठेवा. मग कामाच्या पद्धती आणि प्रशिक्षण. आणि सर्वांत शेवटी मोजे, चष्मा, मास्क. कारण शेवटच्या पायरीवर आठ तास प्रत्येक मिनिटाला माणसाने चुकू नये अशी अपेक्षा असते, आणि ती अपेक्षा कोणत्याही माणसाकडून पुरी होत नाही. आपल्याकडे ही उतरंड शेवटच्या पायरीपासून सुरू होते आणि तिथेच संपते. तीच पायरी स्वस्त आहे, आणि तिथे घसरणारा पाय कामगाराचा असतो.

वरच्या पायऱ्या नुसत्या पुस्तकी नाहीत. सिमेंटचं उदाहरण घ्या. सिमेंटमधल्या क्रोमियमच्या एका रूपामुळे गवंड्यांना हाताचं चिवट इसब होतं. गवंड्याला मोजे घालायला सांगून ते थांबत नव्हतं. डेन्मार्कने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सिमेंटमध्येच फेरस सल्फेट मिसळायला लावलं. त्याने ते क्रोमियम निरुपद्रवी रूपात जातं. तिथल्या गवंड्यांमधली क्रोमियमची ॲलर्जी घटली, आणि २००५ पासून पूर्ण युरोपीय संघाने ती मर्यादा लागू केली. लाखो हातांना शिस्त लावण्यापेक्षा मोजक्या कारखान्यांत एक पावडर मिसळणं सोपं निघालं. इपॉक्सीसाठीही डेन्मार्कमध्ये काम सुरू करण्याआधी खास प्रशिक्षण सक्तीचं आहे. एमडीएच्या बाबतीत अमेरिकेने १९९२ साली हवेतलं सरासरी प्रमाण अब्जात दहा भागांवर आणून ठेवलं, आणि युरोपात २०१४ पासून खास परवानगीशिवाय ते वापरता येत नाही.

पदार्थ बदलणं म्हणजे डोळे मिटून बदलणं नव्हे, हे मात्र नीट ध्यानात घ्यायला हवं. एमडीए काढून आयसोफोरोन डायअमाईन आणलं तर यकृतावरचा भार जातो, पण हाही त्वचेची ॲलर्जी घडवण्यात पटाईत पदार्थ आहे. अमाईन आधीच थोड्या रेझिनशी जोडून त्याचा मोठा रेणू केला, ज्याला ॲडक्ट म्हणतात, तर वाफ कमी होते आणि त्वचेत शिरणंही अवघड होतं. पण माल दाट होतो, मग त्याला पातळ करायला काय घातलं हे पाहावं लागतं. मुद्दा इतकाच की ही तुलना कोणीतरी टेबलावर बसून करायला हवी, भाव आणि लागण्याचा वेळ बघतात तितक्याच गंभीरपणे. बऱ्याच ठिकाणी खरेदीच्या तक्त्यात किलोचा दर, चिकटपणा आणि पॉट लाइफ, म्हणजे मिसळलेला माल वापरता येण्याचा वेळ, यांचे रकाने असतात. ॲलर्जीचा रकाना नसतो.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा. मोजून भरलेले दोन कप्प्यांचे पाउच, मापून मिसळणारं यंत्र, ॲडक्ट हार्डनर, सगळं महाग; छोटा धंदा मरेल. खर्च वाढतो हे खरं आहे. पण आता तो नाही असं थोडंच आहे? आताही तो होतो, फक्त हेल्परच्या औषधात, बुडालेल्या रोजात आणि सोडलेल्या कामात. ताळेबंदात न दिसणारा खर्च म्हणजे बचत नव्हे. शिवाय नळ असलेला कॅन, चालू वजनकाटा, बेसिन आणि साबण याला यंत्र लागत नाही. दुसरा आक्षेप: उगाच बाऊ करताय, सेट झालेली इपॉक्सी निर्धोक असते, लोक रेझिनच्या ट्रेत फराळ वाढतात. पूर्ण जुळलेल्या इपॉक्सीबद्दल हे बऱ्याच अंशी खरंच आहे, आणि म्हणूनच इपॉक्सीवर बंदी घाला असं मी म्हणत नाही. पण वापरणाऱ्याच्या वाट्याला निर्धोक वस्तू येते ती बनवणाऱ्याने धोक्याचे तास स्वतःच्या अंगावर घेतलेले असतात म्हणून. घरी छंद म्हणून बंद खोलीत, मुलांच्या शेजारी रेझिन आर्ट करणाऱ्यांनीही हे ओळखावं. त्यांच्यावर तर कुठला इन्स्पेक्टरही येणार नाही.

कायद्याचं काय? भोपाळनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात सुधारणा झाली, धोक्याच्या प्रक्रियांची माहिती कामगारांना देणं बंधनकारक झालं, कामगारांच्या वैद्यकीय तपासणीच्या आणि आरोग्याच्या नोंदींच्या तरतुदी आल्या. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांनी लेबल आणि माहितीपत्रक सक्तीचं केलं. पण या पिढीच्या कायद्यांची नजर स्वाभाविकपणे एका रात्रीत होणाऱ्या मोठ्या दुर्घटनेवर आहे: टाकी फुटणं, वायू सुटणं. वर्षभर थेंबाथेंबाने होणारी इजा त्या नजरेत नीट मावत नाही. तसं पाहिलं तर १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत रसायनांमुळे होणारा त्वचादाह आणि विषारी पदार्थांची कावीळ, दोन्ही होते, आणि असा रुग्ण दिसला तर डॉक्टरने तो कळवायचा होता. तरतूद होती, पण नोंदी एकमेकींना जोडणारा धागा नव्हता. त्यात कारखाना कशाला म्हणायचं याची मर्यादा वीज वापरणाऱ्या जागी दहा कामगार होती, ती २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत वीस केली गेली. फरशी घालणारी सात माणसांची टोळी या व्याख्येत कारखाना नाही, पॅटर्न बनवणारा पाच जणांचा गाळा नाही. उघड्या हाताने हार्डनर ओतायचं काम मोठ्या प्रमाणात अशाच जागी होतं.

तेव्हा करायचं काय? डब्यावर हार्डनर कोणत्या वर्गाचा आहे हे मराठीत आणि हिंदीत, मोठ्या अक्षरांत असावं. 'बी पार्ट' म्हणून चालणार नाही. माल मागवताना ॲलर्जी आणि वाफ यांचे रकाने तुलनेच्या तक्त्यात असावेत. फरशीचं किंवा कोटिंगचं काम देणाऱ्या मोठ्या कंपनीने ठेकेदाराच्या कंत्राटात बेसिन, योग्य मोजे, वजनकाटा आणि बॅचची कमाल मर्यादा लिहून घ्यावी आणि त्यांचे पैसे वेगळे द्यावेत. माल विकणाऱ्या कंपन्या रंगांच्या नमुन्यांसाठी आणि डीलरांच्या मेळाव्यांसाठी जेवढा खर्च करतात त्यातला थोडा कारागिरांच्या एक दिवसाच्या प्रशिक्षणावर करता येईल. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने त्वचादाहाच्या नोंदी मालानुसार एकत्र कराव्यात, म्हणजे कोणता हार्डनर कुठे त्रास देतो हे दिसू लागेल. कामगार विमा योजनेच्या दवाखान्यांतून हे सुरू करणं शक्य आहे, कारण तिथे रोगी आणि त्याचा कारखाना यांची नावं एकाच कार्डावर असतात.

पण या सगळ्याआधी एक अट आहे, आणि ती पाळली नाही तर बाकीचं कागदावर राहील. ज्याला चट्टा आला त्याने तो दाखवायला हवा. आज तो दाखवत नाही, फुल शर्टाच्या बाहीखाली लपवतो. दाखवला तर 'तुला हे काम झेपत नाही' असं म्हणून ठेकेदार दुसऱ्या दिवशी बोलावत नाही, हे त्याला माहीत आहे. ॲलर्जी झालेल्याला हार्डनरपासून दूर ठेवावंच लागतं, त्याला इलाज नाही. पण दूर ठेवणं म्हणजे काढून टाकणं असेल, तर प्रत्येक वैद्यकीय तपासणी कामगाराच्या विरुद्धची साक्ष ठरते आणि तो ती चुकवतो. म्हणून हार्डनरच्या कामावर घेतलेल्या प्रत्येकाला, कंत्राटी असला तरी, लेखी हमी हवी: ॲलर्जी निघाली तर त्याच पगारावर दुसरं काम मिळेल, आणि ते देण्याची जबाबदारी मूळ मालकाची राहील. ही हमी महाग वाटेल, आणि ती महाग पडावी अशीच आहे. एक संवेदनशील झालेला कामगार मालकाला जन्मभर सांभाळावा लागणार असेल, तर नळाचा कॅन, योग्य मोजा आणि कमी त्रासाचा हार्डनर हे आपोआप स्वस्त दिसू लागतील आणि खरेदी विभागाला ॲलर्जीचा रकाना कोणी सांगायची गरज पडणार नाही.